टबातला पाशा

"अहो उस्ताद, ग्लास! ग्लास उचला आधी!"

उस्ताद शौकतनी दचकून चहाचा ग्लास उचलला, पण व्हायचं ते झालंच. नाझलीने नुकत्याच दिलेल्या जुन्या मासिकाच्या कव्हरवर एक ढेरपोट्या पाशा लाल टोपी घालून टबात बसला होता. त्याच्या बेंबीभोवती चहाचं गोल कडं उमटलं.

"इतकी वर्षं मासिकं जमवताय," नाझली म्हणाली, "आणि ग्लास ठेवायला पाशाचं पोटच सापडलं?"

"मऊ दिसलं."

नाझलीने हसू दाबलं.

दर गुरुवारी हे असंच. रिटायर झालेले उस्ताद बसबूसाच्या मिठाईचा पुडा घेऊन धापा टाकत तिचे तीन जिने चढायचे. नाझली मेलेल्या नवऱ्याच्या गठ्ठ्यातलं एक मासिक काढून त्यांना घरी न्यायला द्यायची. एकच.

"त्यांची ठेव आहे हो. सगळी एकदम कशी सोडू?"

आता खरं सांगायचं तर तिचा नवरा ट्रॅम चालवायचा, आणि जन्मात त्याने मासिकाला हात लावला नव्हता. गठ्ठा-बिठ्ठा काही नव्हताच. एकदा पावाच्या रांगेत उस्तादांनी आपल्या छंदाचा विषय काढला आणि हिने दिलं ठोकून! तेव्हापासून दर बुधवारी अझबकियाच्या रद्दीबाजारात जायचं, बुरई रद्दीवाल्याकडून एक मासिक आणायचं. चित्रं बघायची हौस कुणाला होती? गुरुवारी दुसरा ग्लास विसळायला मिळायचा, बस.

पुढच्या बुधवारी बुरईने हात झाडले.

"संपली, नाझलीबाई. कुठून आणू?"

मासिक नाही तर उस्ताद कशाला येतील? बसबूसा काय, घरी बसूनही खाता येतो.

"बघ ना रे, खाली-बिली कुठे."

बुरईने फळीखाली हात घातला. "हे एक आहे. कालच कुणी विकून गेलं. पण जरा बघून घ्या."

"बघायचं काय त्यात? बांध!"

गुरुवारी उस्तादांनी दोरी सोडली, कागद उलगडला.

लाल टोपी. टब. बेंबीभोवती चहाचं गोल कडं.

नाझलीने कड्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे. उस्ताद कानापर्यंत लाल झाले होते.

"तुमच्या मिस्टरांची आवड फार चांगली होती हो," ते म्हणाले. "नेमका हाच अंक माझ्याकडे नाही."