वाळूच्या रंगाचा पतंग

"एका विद्यार्थिनीची मदत झाली." शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एवढंच. नीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नखाएवढा पतंग, वाळूच्या रंगाचा. कुणाला ठाऊकच नसलेला. त्याच्यासाठी ती मँचेस्टरहून थेट जैसलमेरच्या वाळवंटात गेली होती. परवानग्यांसाठी उंबरठे झिजवले, तीन आठवडे उन्हात भाजून निघाली, टाचणीला टोचलेले चार पतंग जिवापाड जपत इथवर आणले. आणि तिच्या प्रोफेसरांनी काय केलं? खुर्चीत बसून निबंध लिहिला आणि पतंगाला स्वतःच्या नातीचं नाव देऊन टाकलं. आयत्या बिळावर नागोबा! त्या नातीने वाळवंट चित्रात तरी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

ती तडक त्यांच्या खोलीत शिरली. प्रोफेसर चहा पीत होते.

"आभार मानलेत की मी," ते शांतपणे म्हणाले. "नाव घालायचं राहिलं असेल. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! माणसाचं नाव ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याने किड्यांची बारशी कसली करायची? दार आपटून ती बाहेर पडली.

दुपारी ती विद्यार्थी संघटनेच्या ऑफिसात जाऊन बसली. तिथे तक्रारींचं काम रश्मी बघायची. पुण्याची, तोंडाने फटकळ, पण कामाला चोख.

"सोडायचं नाही हं," रश्मी फॉर्म पुढे ओढत म्हणाली. "पण नुसतं चिडून भागत नाही गं, एव्हिडन्स लागतो. पतंग पहिल्यांदा दिसला तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?"

"शेळ्या राखणारी एक बाई. रोज पहाटे यायची. तो फोगाच्या झुडपावर काडीला चिकटून बसतो, अजिबात दिसत नाही. तिने काठीने दाखवला. चारही तिनेच दाखवले."

"मग झालं! तीच आपली विटनेस. तिथल्या कुणाकडून तरी तिचं स्टेटमेंट मागवू." रश्मीने पेनाचं टोपण काढलं. "नाव सांग तिचं."

नीनाने बॅगेतून वही काढली. तारीख होती, वेळ होती, तापमान होतं, झुडपाची उंचीसुद्धा होती. तीन आठवडे त्या बाईच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, आणि एकदाही तिला नाव विचारलं नव्हतं.