भिंतीपलीकडची काठी

“ताई, लोकांच्या गेमची वाट लावायला दुकान उघडलंय का तुम्ही?”

गिऱ्हाईक आपल्या घराच्या दारातच कडाडलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, असं म्हणणाऱ्याने एकदा या दुरुस्तीवालीच्या दुकानात बसून बघावं. तिने हत्यारांची पिशवी धाडकन टेबलावर ठेवली.

“आवाज खाली. माझ्या कामात खोट निघाली तर मी कान पकडेन. नाही निघाली तर तुम्ही पकडायचे.”

त्याचा टीव्हीला जोडायचा जुना गेम तिनेच उघडून सुधारून दिला होता. आत सर्किटची नवी पट्टी जोडली होती, त्याच्या घरच्या जुन्या स्टुडिओ मॉनिटरवर चित्र लख्ख दिसावं म्हणून. दुकानात ते लख्ख दिसायचंही. या घरात आलं की काळवंडायचं, थरथरायचं, मधेच सुटून वर पळत राहायचं.

“रोज असंच?” तिने विचारलं.

“सकाळी बाबा फिरायला गेले की झकास चालतं. ते परत आले की संपलं. पायगुण, दुसरं काय!”

बाबा बंद दारापलीकडे होते. टीव्हीच्या स्टुडिओत त्यांनी जन्मभर मॉनिटर सांभाळले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा दोन घरी आणले. एक इथे भिंतीला टेकवून स्वतः बसवला, दुसरा म्हणे भंगारात दिला. आई होती तोवर बापलेकांचे निरोप तीच इकडून तिकडे न्यायची. ती गेली आणि बोलणंच संपलं.

दाराशी एक भरलेली बॅग होती. दुरुस्तीवालीची नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

“बहिणीकडे निघालोय. बिघाड तुमचा असेल तर राहतो. बाबांची करामत असेल तर आत्ता जातो, आणि पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही.”

“तुमच्या भांडणात मला कशाला गोवता?”

“गोवत नाही. खरं काय ते सांगा, बास.”

त्याने गेम चालू केला. पडद्यावरचा गडी पळू लागला. चित्र अंधूक होतं, कडेला वेडंवाकडं होत होतं. गडी खड्ड्याजवळ आला आणि पलीकडून भिंतीवर बाबांची काठी आदळली. ठक्! त्याचा अंगठा चुकला, गडी खड्ड्यात.

“बघितलंत? ऐन मोक्याला! माझं काही धड चाललेलं त्यांना बघवतच नाही.”

“गेमचा आवाज होत असेल त्यांना.”

“छे! शेजारी ढोल वाजवा, ढिम्म हलायचे नाहीत. कान गेलेत ना. पण मला छळायचं म्हटलं की बरोबर जाग येते.”

दुरुस्तीवालीने वायर बदलून पाहिली. फरक नाही. मग पिशवीतून स्वतःचा गेम काढून लावला, दुकानात रोज चालणारा. तोही थरथरला.

“पकडा कान,” ती म्हणाली. “माझी पट्टी निर्दोष आहे. हा सिग्नल पुरा पडत नाहीये. कुठेतरी अर्धा गळतोय. म्हणून चित्र काळं पडतं आणि जागेवर राहत नाही.”

“मग मॉनिटर गेला?”

“मॉनिटर गेला असता तर सकाळी कसा चालला असता? डोकं वापरा जरा.”

तो चडफडला. तिने त्याचा गेम परत जोडला आणि त्याला खेळत राहायला सांगितलं. मग अवजड मॉनिटर कसाबसा पुढे ओढून मागे हात घातला. धूळ, जळमटं, आणि वायरींचा एक जाड जुडगा. आत येणाऱ्या वायरी तिने वेगळ्या केल्या. तरी एक जुडगा उरला. तो सिग्नल बाहेर नेणाऱ्या खोबणींत बसवलेला होता आणि भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेला होता.

“या वायरी कुठे जातात?”

“भिंतीपलीकडे…” तो थांबला. “बाबांच्या खोलीत.”

तिने जुडगा बोटांनी चाचपला.

“यांच्या दुसऱ्या टोकाला कुणी नुसती तार जरी अडकवली, तरी इथलं चित्र मरतं. काढली की परत झकास,” ती हळू बोलली. “आणि हे ज्याला कळतं असा माणूस…”

“जन्मभर तेच केलंय त्यांनी!” तो उठला. कंट्रोलर सोफ्यावर आपटला. पडद्यावरचा गडी खड्ड्याच्या काठावर तसाच उभा राहिला. “म्हणजे बसून खोडा घालतायत रोज! पोटच्या पोराला!”

“अहो, शांतपणे विचारा आधी.”

“विचारायचं काय आता?” त्याने बंद दाराकडे बोट दाखवलं. “आई गेल्यावर वाटलं होतं, एकदा तरी हाक मारतील. हाक राहिली बाजूला, हे धंदे!”

दुरुस्तीवालीलाही राग आला होता. असला बाप वैऱ्यालाही नको, असं तिला वाटलं. तिने त्याला अडवलं नाही.

त्याने बॅग उचलली. तोंडावर दोन शब्द ऐकवायचे आणि निघायचं. त्याने बापाच्या खोलीचं दार ढकललं.

म्हातारा दाराकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. दार उघडल्याचं त्याला कळलंच नाही. समोर, भंगारात दिला म्हणायचे तो दुसरा मॉनिटर होता. त्यावर तेच काळवंडलेलं, थरथरणारं चित्र, आणि खड्ड्याच्या काठावर उभा असलेला तोच गडी. म्हातारा पुढे वाकला. त्याने काठी उचलून भिंतीवर आपटली.

“खड्डा आलाय, राजा,” तो पुटपुटला. “उडी मार की रे.”