न लवणारा पंख

विदुलाच्या गुडघ्यात बसवायचं हाड तिच्याच पेशींपासून घरातल्या काचपेटीत वाढत होतं. "नीट वाढलं नाही" म्हणत पेटी सांभाळणाऱ्या तिच्या नवऱ्याने, मधुसूदनने, शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती. आणि नेमकं त्याच काळात त्याचं हौसेचं ड्रोन सुधारलं होतं. पूर्वी ते जागेवरून सरळ वर उठताना पंख्यांच्या जोराने त्याचा लांब पंख लवायचा आणि सगळं ड्रोन थरथरायचं. आता पंख ताठ राहत होता.

"आत काय घातलंत?" तिने विचारलं.

"कार्बनची नळी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तो आंघोळीला गेल्यावर तिने काठी टेकत जाऊन पंखाचा फोम चिरला. आत पांढरंशुभ्र हाड होतं.

तो बाहेर येताच तिने पंख पुढे धरला. "माझं हाड खेळण्यात घातलंत?"

तो खुर्चीत बसला. "पहिलं मोहापायीच घातलं. ते हवेत कडकन मोडलं, विदुला. तेच तुझ्या पायात जाणार होतं. मग दुसरं मुद्दाम घालून पाहिलं, तेही मोडलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. मग वाढवायची पद्धत बदलली, आणि हे तिसरं मात्र टिकतंय."

"चिकटपट्टी लावा आणि माझ्यासमोर उडवा."

गच्चीवर भणाणता वारा होता. ड्रोन सरळ वर उठलं, वळलं, परत आलं. पंख तसूभरही लवला नाही.

"हे आता पायात चालणार नाही, असंच चौथं वाढवा," विदुला म्हणाली. "पण पेटीची किल्ली माझ्याकडे राहील."