हिरडीतला उजेड

"आ कर, दादा. अजून मोठा."

दादाने निमूट जबडा ताणला. अख्ख्या बसडेपोला दमात घेणारा हा माणूस दवाखान्यातल्या खुर्चीत मात्र दातांची डॉक्टर झालेल्या धाकट्या बहिणीपुढे कोकरू होई. त्याच्या हिरड्यांतून रक्त येई, पण सुरी, टाके म्हटलं की त्याची बोबडी वळायची. म्हणून तिने उजेडाचा उपाय काढला होता. दात आणि हिरडीच्या फटीत निळं औषध सोडायचं, ते जंतूंना चिकटलं की बारीक नळीतून लेसरचा लाल उजेड आत टाकायचा. जंतू जागच्या जागी मरतात. हिरड्या आवळतात, रक्त थांबतं.

आज तिसरी खेप. मागच्याच तपासणीत जंतू जवळजवळ संपलेले दिसले होते. तरी हिरड्या टम्म फुगून दातांवर चढू लागल्या होत्या.

दोघांनी रंगीत चष्मे चढवले. नळीचं टोक हिरडीला नुसतं लागलं आणि रक्त आलं. तिने कापसाचा बोळा दाबला, तो भिजला. दुसरा दाबला, तोही.

"दात जोरात घासतोस का रे?" तिने हात बाजूला घेत विचारलं.

"जोर आहे कुठे, चिमणे? चार पायऱ्या चढलो की धाप लागते. वय झालं आता."

तोंड पुसायला त्याने हात वर केला. बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग होते.

"कुठे आपटलास?"

"कुठे नाही गं. आपोआप उठतात." तो हसला. दातांच्या कडा लाल झाल्या होत्या. "तुझ्या उजेडाने तेही जाळून टाक की."

तिने नळी खाली ठेवली. इतके दिवस ती हिरडीतले जंतू मारत बसली होती. धाप, डाग, फुगलेल्या हिरड्या, सगळं एकच सांगत होतं: आजार रक्तात होता, आणि रक्त तर अंगभर फिरत होतं.

"झालं? मेले सगळे?"

"मेले," ती म्हणाली. जंतूंपुरतं ते काही खोटं नव्हतं. "पण घरी जाऊ नकोस. बाहेर बस. रक्त तपासून घेऊ, मी येते बरोबर."

"आजच?"

"आत्ताच."

एरवी सुईचं नाव काढलं की तो शंभर सबबी सांगायचा. आज क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि उठला.

दार लागताच तिने मोठ्या इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट बघणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. कसंबसं सगळं सांगितलं.  मग मैत्रीण म्हणाली, "पेशंट कोण आहे?"

तिने मान वळवली. काचेच्या दारातून दादा दिसत होता. तोंडाशी रुमाल धरून तो शेजारच्या घाबरलेल्या म्हातारीला समजावत होता.

"काही काळजी करू नका, आजी. आत माझी बहीण आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."