फ्रॉकची लाल पट्टी

विमान कंपनीने भाड्याने घेतलेलं शेवटचं विमान त्याचे मालक आज बल्गेरियातल्या प्लोवदिव विमानतळावरून परत नेणार होते. दुपारपर्यंत ते थोपवलं तर कोर्टाची स्थगिती येणार होती, नाहीतर कंपनीला कायमचं कुलूप. पोलीस शेजारीच उभे होते, म्हणून मेकॅनिक मंडळींनी साधी युक्ती काढली: विमान मागे ढकलायचं, ढकलताना पुढच्या चाकात घातलेली पिन काढायची, पण पिनेला लावलेली लाल फीत वैमानिकाला दाखवायची नाही. फीत दिसली म्हणजेच पिन निघाली; ती दिसल्याशिवाय कुठलाच वैमानिक जागचा हलत नाही. "जमेल ना, रुमेना?" मेकॅनिकांतल्या वडीलधाऱ्या स्टामेनकाकांनी विचारलं. पिन काढून दाखवायचं काम रोज तिचंच असायचं. "नुसतं उभंच तर राहायचंय, काका. आमचे हे घरी रोज तेच करतात." सगळे हसले. पिन काढून ती विमानासमोर, जरा बाजूला उभी राहिली. मूळची फीत विरल्यावर लेकीच्या आखूड झालेल्या फ्रॉकची लाल पट्टी तिनेच पिनेला शिवली होती; ती आता तिने मुठीत गच्च दाबून धरली. इंजिनं घरघरत राहिली. काचेआडच्या वैमानिकाने बराच वेळ वाट पाहिली, मग अंगठा उंचावून खुणेनेच विचारलं, झालं का? आणि इतकी वर्षं रोज जायचा तसा रुमेनाचा हात आपसूक वर गेला. पट्टी वाऱ्यावर फडफडली. वैमानिकाने सलाम केला आणि पुढचं चाक वळलं. विमान ढगात दिसेनासं झालं, तेव्हा स्टामेनकाका जवळ आले. "हात खाली घे, पोरी," ते म्हणाले.