बर्गनचा पाऊस

काचेचं दार ढकलून शैलेंद्र कारखानीस आत येताना दिसला तशी इसाबेलने खुर्ची पुढे ओढली. या भांडणाची ती आठवडाभर वाट बघत होती.

"यल्ला इसाबेल, तेरे नॉर्वेवाले साब आ गए," शेजारच्या काउंटरवरून झैद पुटपुटला. "बेटी भी साथ में है. गई तू!"

"आने दे."

दुबईतल्या ऊद मेथाच्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत तक्रार घेऊन येणारी माणसं आधी हातातली पिशवी आपटतात, मग तोंड उघडतात. शैलेंद्रच्या हातात पिशवी होती.

दोन महिन्यांपूर्वी तो याच खुर्चीत बसून म्हणाला होता, "ऑक्टोबरच्या सुट्टीत मुलीला युरोप दाखवायचंय. लिस्बन कसं आहे?" त्याच्या कागदांवर तो नोकरीला असलेल्या हॉटेलचं नाव इसाबेलने दोनदा वाचलं. तिचा नवरा सिरिल त्याच हॉटेलच्या स्टोअरमध्ये होता. कोल्ड रूम बंद करायला शैलेंद्रने सांगितलं, मासळी सडली, आणि नोकरी गेली ती सिरिलची. व्हिसा खलास. सिरिल आता लहानग्या ॲरॉनला घेऊन वसईला असतो. आई म्हणजे फोनमध्ये राहणारी बाई, असं ॲरॉनला वाटतं.

शैलेंद्रने इसाबेलला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने लिस्बन बाजूला सारलं आणि बर्गन पुढे केलं. नॉर्वेचं जुनं बंदर, रंगीत लाकडी घरं, भोवती डोंगर. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तिथे पाऊस पडतो, एवढं मात्र ती बोलली नाही. त्याच्या बायकोने, वीणाने, फोन करून विचारलंसुद्धा होतं. "शिडकावा असतो कधीमधी," इसाबेलने सांगून टाकलं.

मग तिने एकेक गोष्ट निवडून बसवली. उघड्या डेकवरची बोट. डोंगरमाथ्यावरून शहर बघायची दुपार. गल्ल्यांमधून लांबलचक पायी सैर. पावसात जे जे मातीमोल होतं ते सगळं. पाऊस माणसाचं काय करतो हे वसईत वाढलेल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. न वाळणारे कपडे, कुबट वास, बुटात पाणी, आणि मग एकमेकांवर खेकसणं. ती मंडळी तिकडे होती तेव्हा इसाबेल रोज मेट्रोत उभी राहून फोनवर बर्गनचं हवामान उघडायची. काळा ढग, खाली तिरप्या रेघा. दिवस छान जायचा.

शैलेंद्रने पिशवी काउंटरवर ठेवली. आपटली नाही.

"मॅडम, तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"काय, सर?"

"पाऊस! अख्खी ट्रिप. एक मिनिट उघडीप नाही."

"आँटी, इट रेन्ड द होल टाइम!" त्याच्या मुलीने, अस्मीने, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली.

"आय ॲम सो सॉरी, सर. वेदर काय आपल्या हातात..."

"सॉरी कसलं?" तो हसत खुर्चीत बसला. "अहो, ही इथे जन्मलेली. पाऊस म्हटलं की हिला पाणी तुंबलेलं पार्किंग आठवतं. तिथे बंदरावर हिची छत्री उलटी झाली, तर हिने ती सरळ कचऱ्यात टाकली. मग मी माझी टाकली. आमच्या मिसेसना एसीचा झोत लागला तरी शिंका येतात, तर त्यांनीसुद्धा! बोटीवर सगळे गोरे आत काचेमागे, आणि डेकवर आम्ही तिघं नाचतोय."

"अँड पपा स्लिप्ड! ही वॉज जस्ट लाइंग देअर अँड लाफिंग. पपा नेव्हर लाफ्स."

"इतकी वर्षं झाली दुबईत," तो म्हणाला. "असं भिजायचं असतं, हे विसरूनच गेलो होतो."

इसाबेल हसली. हसावंच लागलं. तिचं मापच चुकलं होतं. वसईच्या मापाने पाऊस मोजून तिने तो वाळवंटातल्या माणसांना दिला होता. तहानलेल्याला बुडवून मारायला निघाली होती ती. आणि यंदा वसईच्या पावसात ॲरॉनने पहिली कागदी होडी सोडली, ती तिने फोनवर बघितली होती. नेटवर्क गेलं तेव्हा होडी अर्ध्या वाटेत होती.

शैलेंद्रने पिशवीतून चॉकलेटचा डबा काढून तिच्यापुढे सरकवला आणि खिशातून फोन काढला.

"तुमच्यासाठी. आणि रिव्ह्यू लिहितोय. आमच्या मॅडम म्हणतात, पाच स्टार."

"सिक्स," अस्मी म्हणाली.

"पूर्ण नाव सांगा तुमचं. नुसतं इसाबेल लिहिलं तर तुमच्या बॉसला कळायचं कसं?"

पलीकडे झैदने अंगठा वर केला.

"लिहा सर. इसाबेल सिरिल तुस्कानो."

"इसाबेल... सिरिल..."

"तुस्कानो. तुमच्याकडे स्टोअरला होता तो."

शैलेंद्रचा अंगठा काचेवर थांबला. त्याने वर पाहिलं, मग मुलीकडे, मग परत फोनकडे.

"मॅडम, तो... तो मॅनेजमेंटचा डिसिजन होता."

"कोल्ड रूम बंद करायला कोणी सांगितलं होतं, तेही लिहा ना," इसाबेल गोड आवाजात म्हणाली. "रिव्ह्यूत जागा भरपूर असते."

"पपा, व्हॉट कोल्ड रूम?" अस्मीने विचारलं.

शैलेंद्रने फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"टेल ना, पपा. व्हॉट कोल्ड रूम?"

इसाबेलने डब्याचं प्लास्टिक फाडलं. एक चॉकलेट अस्मीच्या तळहातावर ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं, आणि शैलेंद्रच्या तोंडाकडे बघत ती ते सावकाश चघळत राहिली.