अकरा आभारपत्रं

“अक्षर टपोरं काढ हं, ताई. आमदारांच्या हातात जायचंय.”

चपलांच्या दुकानाचे मालक काउंटरवर अकरा कोरे कागद मांडत होते, जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला एक. ते व्यापारी मंडळाचे सचिव. विधानसभेचं अधिवेशन परवाच संपलं होतं, आणि आभाराचं पत्र छापायचं नाही, हातानेच लिहायचं, अशी मंडळाची रीत. हात नेहमी तिचाच. दुकानात गिऱ्हाइकांना चपला दाखवायच्या, आणि मंडळाचं काही निघालं की पेन घ्यायचं.

मालक सांगत गेले, ती लिहीत गेली. ‘बाजाराच्या साप्ताहिक बंदची सक्ती उठवणारं विधेयक आपण मंजूर केलंत...’

पेन थांबलं.

“काका, म्हणजे सोमवारी बाजार बंद नाही राहणार?”

“कुठे असतेस तू? पहिल्या तारखेपासून सातही दिवस चालू! सकाळपासून सगळे नुसते नाचतायत.”

“मग आमची सुट्टी?”

“ती कुठे पळतेय? पाळीपाळीने मिळेल. तुला बुधवार ठेवलाय.”

तिने काचेतून बाहेर पाहिलं. समोरच्या कापडदुकानात तिचा नवरा गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी पँटची उंची घेत होता.

“आणि समोर?”

“त्यांच्याकडे शुक्रवार म्हणत होते. का गं?”

“आम्हा दोघांना एकच वार नाही का मिळणार? छोटी उठायच्या आत हा निघतो, रात्री आम्ही घरी पोचतो तोवर ती आत्याकडेच झोपलेली असते. सोमवारीच काय ते तिला दोघं एकत्र दिसतो.”

“अगं, माझं घरात बायकोशी जमत नाही, समोरच्या दुकानाशी कुठून जमवू?” मालक हसले. तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. “विचारून बघतो. पण आशा धरू नकोस.”

मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, “खरं तर हे श्रेय तुझंच. बंद उठवा म्हणून तीन वर्षांपूर्वी दिलेला अर्ज तूच लिहिलास. मी सांगत होतो, ‘बाजारातल्या बऱ्याच जणांची इच्छा आहे.’ तूच म्हणालीस, काका, ‘सर्वांची’ लिहू, वाक्य कसं भरल्यासारखं वाटतं. तेच वाक्य आमदारांनी सभागृहात वाचून दाखवलं, माहितीये?”

तिला आठवलं. तेव्हा छोटी पोटात होती. अर्ज काय, दरवर्षी जातात आणि फायलीत झोपतात. वाक्य मात्र झकास जमलं होतं. घरी जाऊन तिने ते नवऱ्याला म्हणूनही दाखवलं होतं.

दहा पत्रं झाली. अकराव्याची शेवटची ओळ तिने न विचारताच लिहिली : आम्ही सर्व आपले ऋणी आहोत.

मालक खांद्यावरून वाकून बघत होते. “वा! तो ‘सर्व’ जरा ठळक कर.”

तिने त्यावरून पुन्हा पेन फिरवलं.

समोर गिऱ्हाईक गेलं होतं. नवरा काचेशी येऊन उभा राहिला. दर रविवारी संध्याकाळी यायचा तसाच. घरी छोटी विचारायची, “बाबा, सोमवार केवढा?” मग तो गळ्यातली टेप काढून दोन्ही हातांत ताणायचा, “एवढा!” आणि छोटी आपले इवलेसे हात पसरून दाखवायची. तेव्हापासून रस्त्याच्या अल्याड-पल्याड नवरा-बायकोचंही हेच चालायचं: त्याने टेप ताणायची, तिने दोन्ही हात पसरायचे.

आत्ताही त्याने टेप काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पुरतील तेवढी ताणली, आणि तिच्या उत्तराची वाट बघत हसत राहिला.

तिनेही हात पसरला. एकच. दुसरा कागदावर होता.